तिचं घर पाहायला जाऊ या

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

आम्ही बाळापूरहून बोलतोय. अकोला जिल्ह्यातलं बाळापूर, मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर किल्ला आहे ते. तालुक्यातल्या काही गावांच्या बचत गटांचं समन्वयाचं काम आमच्याकडे आहे. हप्ते, कर्जफेड, बँकेची कागदपत्रं, गटाचं दप्तर यांवर या कार्यक्रमात पुष्कळदा बोलणं झालंय. आज विषय जरा निराळा आहे. आज आपल्या सहलीबद्दल बोलायचंय.

आपले गट वर्षातून एकदा तरी कुठं ना कुठं जातात. शेगाव तर आमच्या उंबऱ्याशीच आहे. माहूर, पंढरपूर, शिर्डी, त्र्यंबकेश्वर होतं, आणि हिंमत केली तर कोकणात गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन येतात. दर्शन होतं, प्रसाद घेतला जातो, बांगड्या-कुंकू घेतलं जातं आणि गाडी परत फिरते. यात वाईट काहीच नाही. आमचं म्हणणं एवढंच की याच वाटेवर कुठंतरी एखाद्या कवीचं, लेखिकेचं, कलावंताचं घर असतं. तिथंही गाडी थांबवा. अर्धा तास थांबा. घर बाईचं असेल तर नक्कीच थांबा. का थांबायचं, थांबून काय पाहायचं आणि घरी परतल्यावर काय करायचं, हे तीन आज सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे हे काही शहरातल्या लोकांचं नवं खूळ नाही. पंढरपूरला गेलेल्या बायका गोपाळपूरला जातातच. तिथं जनाबाईचं जातं दाखवतात. आपल्या आज्या-पणज्या त्या जात्याला हात लावून डोक्याला लावायच्या. आता पाहा, जनाबाई कोण होती? नामदेवांच्या घरी दळणकांडण, शेणगोठा करणारी दासी. आणि अभंग रचणारी कवयित्री. म्हणजे एका कवयित्रीचं ठिकाण पाहायला आपल्या घरातल्या बायका किती पिढ्यांपासून जात आल्या आहेत. पैठणला गेलं की एकनाथांच्या वाड्यात जातात, तेही तसंच. आपण त्याला दर्शन म्हणतो म्हणून लक्षात येत नाही, एवढंच.

आपल्या वऱ्हाडातलंच उदाहरण सांगतो. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांची काशी म्हणतात त्याला. सातशे वर्षांपूर्वी तिथं महदाइसा नावाची बाई होती. तिलाच महदंबा म्हणतात. श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे, म्हणजे लग्नात गायची गाणी, तिनं रचली. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात. आणि रुक्मिणीचं माहेर कुठलं? तर तेही अमरावती जिल्ह्यातलंच, तिवसा तालुक्यातलं कौंडण्यपूर. महानुभाव मंडळींनी आणखी एक मोठं काम केलं. स्वामी कुठं राहिले, कुठं बसले, कुठं निजले, या सगळ्या जागा हिंडून शोधल्या आणि चौदाव्या शतकात त्यांची एक पोथीच लिहून ठेवली. स्थानपोथी म्हणतात तिला. त्या जागांवर ओटे बांधले. म्हणजे माणूस गेलं तरी त्याची जागा ओळखीची राहावी, ही हौस आपल्या मातीत फार जुनी आहे. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय. तिकडे सहल गेली तर लेकीबाळींना घेऊन जा.

आता आमच्या सहलीचं सांगतो. मागच्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं. तूर घरात आली होती, हरभरा घाट्यावर होता. दोन-चार दिवस हातचं काम कमी होतं. बैठकीत विषय काढला की या खेपेला जळगावला जाऊ, बहिणाबाई चौधरींचं घर पाहू. तर अर्ध्या बायका गप्प झाल्या. एक मावशी उघडच बोलल्या, “देवाले जाता तं जा बाप्पा, पण हे काय नवीन काढलं? मेलेल्या बाईचं घर पाहून काय भेटते?”

घरून परवानगी काढणं त्याहून अवघड गेलं. देवाला जायचं म्हटलं की सासूही नाही म्हणत नाही. नवस असतो, वारी असते, कोणी अडवत नाही. पण “एका कवयित्रीचं घर पाहायचंय” असं म्हटलं की प्रश्न सुरू होतात. कशाला? कोणासोबत? गुरांचं कोण पाहणार? पोरांची शाळा? एका ताईचा नवरा म्हणाला, यात आपला फायदा काय ते सांग. खरी अडचण पैशाची नव्हतीच. बाईला नुसतं पाहावंसं वाटतं, जाणून घ्यावंसं वाटतं, हे कारण अजून आपल्या घरांत कारण म्हणून चालत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की या सहलीला दुसरं निमित्त जोडायचं नाही. वाटेत दर्शन होईल ते होईल. पण घरी सांगायचं ते खरं सांगायचं, की बहिणाबाईचं घर पाहायला चाललो. तेवीस जणी निघाल्या. तीन जणींना घरून निघता आलं नाही.

पैशाची सोय आधीच केली होती. गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या पैशाला आम्ही हात लावला नाही. सहलीचा डबा वेगळा ठेवला होता. त्यात दर महिन्याला प्रत्येकीचे ५० रुपये, दहा महिन्यांचे ५००. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्यांना पूर्ण मोफत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या दोन आज्यांचा प्रवास त्यामुळे फुकट झाला. आधार कार्ड मात्र जवळ हवं. भाकरी-ठेचा घरून बांधून घेतला.

खामगाव, मलकापूर करत गाडी मुक्ताईनगरला आली. तिथं जवळच कोथळीला मुक्ताबाईंचं मंदिर आहे. ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण, ताटीचे अभंग रचणारी. दार लावून रुसून बसलेल्या थोरल्या भावाची समजूत धाकट्या बहिणीनं घालायची, आणि तीही अभंगातून! दर्शन घेताना हे सगळ्यांना सांगितलं. ज्या मावशी म्हणाल्या होत्या की मेलेल्या बाईचं घर पाहून काय भेटते, त्याच म्हणाल्या, “म्हंजे हेही बाईचंच ठिकाण हाये तं.” आम्ही म्हटलं, हो मावशी, हेही तेच.

बहिणाबाईंची थोडी माहिती आधी सांगतो, म्हणजे घर कसं पाहायचं ते कळेल. जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या आसोदे गावात, महाजनांच्या शेतकरी घरात. तेराव्या वर्षी लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. तिशीत वैधव्य आलं. पदरात तीन मुलं, ओंकार, सोपानदेव आणि काशी. शेतावर राबायचं, घरी दळायचं, रांधायचं, भाऊबंदकी सोसायची. अक्षराशी ओळख नव्हती. आणि काम करता करता त्या गाणी रचत होत्या. जात्यावर, चुलीवर, शेतातल्या पेरणीवर, सुगरणीच्या खोप्यावर, माहेरच्या वाटेवर, इतकंच काय जळगावात आलेल्या छापखान्यावरसुद्धा. हात पाहायला आलेल्या ज्योतिष्याला नको म्हणणारी त्यांची कविता तर आपल्यातल्या कितीतरी जणींना पाठ आहे. मुलगा सोपानदेव कवी झाले. त्यांनी आणि नात्यातल्या पितांबर चौधरी यांनी आईची काही गाणी वहीत उतरवून ठेवली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ला गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे ती वाचून थक्क झाले आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईची गाणी’ हे पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला या न शिकलेल्या बाईचं नाव आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, २०१८ पासून.

जुन्या जळगावात चौधरी वाडा आहे. बहिणाबाई सासरी ज्या घरात राहिल्या त्या घराचं आता स्मृती संग्रहालय केलंय. घरातल्या नि शेतातल्या वापराच्या वस्तू तिथं जपून ठेवल्या आहेत. आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं आमच्या बायका काहीशा हिरमुसल्या. मोठा महाल नाही, झुंबर नाही. एक ताई हळूच म्हणाल्या, “हे तं आपल्या घरच्यासारखंच हाये.”

आम्ही म्हटलं, तेच तर पाहायला आलो.

मग पाहणं बदललं. कोणी उंबऱ्याची उंची पाहिली. कोणी स्वयंपाकाची भांडी पाहून घरात किती माणसं जेवत असतील याचा हिशेब मांडला. शेताची अवजारं पाहून एक मावशी सांगू लागल्या की हे आमच्याकडेही होतं, याला आम्ही अमुक म्हणतो. बहिणाबाईंची बोली खानदेशाकडची लेवा गणबोली, आपली वऱ्हाडी. दोघी शेजारणीच. त्यामुळे भिंतीवरच्या ओळी आम्ही मोठ्यानं वाचल्या तेव्हा न शिकलेल्या आज्यांना समजावून सांगावं लागलं नाही. उलट एका शब्दाचा अर्थ बीए झालेल्या आम्हांला आजीनं सांगितला.

आमच्यात एक सत्तरीच्या आजी आहेत. गटाच्या रजिस्टरवर अजून अंगठा उठवतात. वाटेत गाडीत त्यांनी विचारलं होतं, “लिहिता-वाचता येत नव्हतं तं मंग पुस्तक कसं निंघालं वो?” त्या घरात त्या बराच वेळ एका जागी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “लेकानं लिहून घेतलं म्हून राह्यलं. नाही तं गेलंच असतं.”

या एका वाक्यासाठी ती सहल वसूल झाली असं आम्ही मानतो. कारण त्या घराचा खरा अर्थ आजींनीच सांगितला. बहिणाबाईंनी रचलं ते सगळं काही वहीत आलं नाही. कामात असताना गाणं आलं, वाऱ्यावर गेलं, असं कितीतरी झालं असणार. जे कोणी लिहून घेतलं तेवढंच आपल्यापर्यंत पोचलं.

जळगावहून पुढं आम्ही आसोद्याला गेलो. जवळच आहे. गाडीनं थोडक्यात पोचतो. सासर आणि माहेर यांत एवढंसं अंतर. तरी सासुरवाशिणीला ती वाट केवढी लांब वाटायची, हे त्या रस्त्यावरून जाताना सगळ्यांना कळलं. गाडीत कोणी बोललं नाही. सगळ्या खिडकीबाहेर पाहत होत्या.

आता कोणी म्हणेल, कविता तर पुस्तकात आहे, मग घर कशाला पाहायचं? बरोबर आहे. घराच्या भिंतीत कविता नसते. पण ती कविता बाईला केवढ्याला पडली, ते घरात दिसतं. पुरुष लेखकाचं घर दाखवतात तेव्हा बहुधा त्यांचं लिहायचं टेबल, खुर्ची, पुस्तकांचं कपाट दाखवतात. बाईच्या घरात चूल आणि जातं दाखवतात. कारण तिला बसायला वेगळी जागाच नव्हती. दळताना सुचलं ते सुचलं. लिहायला मला वेगळी खोली नाही, वेळ नाही, म्हणून मला काही जमायचं नाही, असं आपल्या गटातली एखादी हुशार पोरगी म्हणत असेल तर तिला हे घर दाखवा. आणि तिच्या घरच्यांनाही दाखवा, म्हणजे तिला खरंच एक कोपरा आणि एक तास द्यावा असं त्यांना वाटेल.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. इंग्लंडात हॉवर्थ नावाचं गाव आहे. तिथं ब्राँटे आडनावाच्या तीन बहिणी राहायच्या. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. या तिघींनी घरात बसून कादंबऱ्या लिहिल्या आणि बाईचं लिखाण कोणी मनावर घेणार नाही म्हणून पुरुषी वाटतील अशी नावं घेऊन छापल्या. ते घर १९२८ पासून संग्रहालय आहे आणि जगभरातून बायका ते पाहायला जातात. त्याच देशात शेक्सपिअर या मोठ्या नाटककाराचं जन्मघर १८४७ साली लिलावात निघालं होतं. लोकांनी वर्गणी काढली आणि ते विकत घेतलं, म्हणून ते आज उभं आहे. वर्गणीची गोष्ट आपल्याला नवी नाही. आणि लंडनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकायला असताना १९२१-२२ साली ज्या घरात राहिले, ते घर २०१५ साली आपल्या महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. घरं आपोआप टिकत नाहीत. कोणीतरी ठरवतं, पैसे लावतं, झाडतं, पुसतं, तेव्हा टिकतात.

ज्यांच्यासाठी कोणी ठरवलं नाही त्यांचं काय होतं? त्याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याला सरकारी कचेरीत कारकून होते. घर सत्यशोधक विचारांचं. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला मूल मारल्याच्या आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. ती पुढं जन्मठेपेवर आली. वर्तमानपत्रांतून सगळ्या बाईजातीवर तोंडसुख घेतलं जाऊ लागलं. ते वाचून ताराबाईंना राहवलं नाही. त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहिलं आणि १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं. जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असा सरळ सवाल त्यांनी केला. विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचं नाही आणि तिचं पाऊल चुकलं की तिलाच फासावर द्यायचं, हा कुठला न्याय, असं त्यांनी बुलढाण्यात बसून विचारलं. आजपासून एकशे चाळीस वर्षांहून आधी, आपल्या वऱ्हाडातल्या एका बाईनं! टीका इतकी झाली की महात्मा फुल्यांना त्यांची बाजू घ्यावी लागली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. हेही विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा लोकांना कळलं की अशी एक बाई होऊन गेली.

बाळापूरहून बुलढाणा काही लांब नाही. आमच्यापैकी पाच-सहा जणी मुद्दाम गेलो. जुन्या वस्तीत, कचेरीच्या आसपास विचारलं. लोक अगत्यानं बोलले, चहा पाजला. पण ताराबाईंचं घर कुठलं, ते दाखवणारं आम्हाला कोणी भेटलं नाही. मग एका झाडाखाली पारावर बसून पुस्तकातली चार पानं वाचली. जुनी भाषा, पण धार अशी की दोघी-तिघी वाटसरू बायका थांबून ऐकू लागल्या. घर सापडलं नाही म्हणून ती फेरी वाया गेली असं नाही. ज्या गावात ते लिहिलं गेलं त्या गावाच्या हवेत ते वाचणं हेसुद्धा घर पाहण्यासारखंच आहे. तुम्ही गेलात तर तुम्हीही असंच करा. विचारत राहा. दहा गटांच्या बायका येऊन विचारू लागल्या की गावालाही वाटेल, अरे, ही बाई आपली होती.

आता तुमच्या नेहमीच्या वाटांवरची काही ठिकाणं सांगतो. वहीत लिहून घ्या.

गणपतीपुळ्याला जाल तर अगदी जवळ मालगुंड आहे. तिथं कवी केशवसुतांचं जन्मघर आणि स्मारक आहे. कोकणातच दापोली तालुक्यात पालगड आहे, साने गुरुजींचं गाव. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, पण ती आई ज्या घरात राबली ते घर पालगडचं. नाशिक-त्र्यंबकला जाल तर नाशिकमध्ये कुसुमाग्रजांचं घर आहे. त्यांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळतो. पुण्याला गंज पेठेत फुले वाडा आहे. १८६८ साली जोतीरावांनी अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद त्याच घराचा. सावित्रीबाई शाळेत शिकवायच्या हे आपण जाणतो, पण त्या कवयित्रीही होत्या. ‘काव्यफुले’ हा त्यांचा संग्रह १८५४ सालचा. त्यांचं माहेर सातारा जिल्ह्यातलं नायगाव, तिथलं जन्मघरही जपलंय. परभणीकडे जाल तर गंगाखेड हे जनाबाईचं गाव. आणि आपल्या अमरावती-नागपूर रस्त्यावर मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आश्रम आहे. ‘ग्रामगीता’ लिहिणाऱ्या महाराजांनी एकेचाळीस अध्यायांत बायकांच्या उन्नतीसाठी एक अख्खा अध्याय ठेवलाय. तो गटात वाचून मगच जा.

जाण्याच्या रीतीचंही थोडं सांगतो. निघण्याआधी फोन करून वेळ आणि सुट्टीचा वार विचारून घ्या, आणि किती जणी येणार ते सांगा. काही घरांत अजून वारसदार राहतात. तिथं न विचारता आत शिरायचं नाही, फोटो काढायचा नाही. जायच्या आधीच्या बैठकीत त्या माणसाची किंवा बाईची माहिती कोणी तरी दहा मिनिटं सांगावी, एखादी कविता वाचून दाखवावी. कोरं जाऊन कोरं परत येण्यात अर्थ नाही. तिथं गेल्यावर प्रत्येकीनं एक वस्तू निवडावी आणि तिच्याबद्दल बोलावं. पाणी कुठून आणत असतील, उजेड कुठून येत असेल, निजायला जागा किती, हे विचारावं. या गोष्टी आपल्या बायकांना पुस्तकी माणसांपेक्षा जास्त कळतात. दानपेटी असेल तर दहा-वीस रुपये टाकावेत. देवळात टाकतोच ना, तसेच. आणि तरण्या पोरींना बरोबर न्यावं.

आता शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. परत आल्यावर काय करायचं?

जळगावहून परतताना मलकापूर सुटलं, अंधार पडला, आणि त्या अंगठा उठवणाऱ्या आजी ओवी म्हणू लागल्या. एक झाली, दुसरी झाली. दुसरी आजी तिच्यात मिसळली. जात्यावरच्या, पाळण्याच्या, भावाच्या, बापाच्या, सवतीच्या, दुष्काळाच्या. खामगावपर्यंत थांबल्या नाहीत. एका पोरीनं मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलं. घरी येऊन वहीत उतरवल्या तर बासष्ट ओव्या भरल्या. त्यांच्या सुनेला हे माहीतच नव्हतं. एका घरात बावीस वर्षं राहून तिनं त्या कधी ऐकल्या नव्हत्या, कारण ती सासरी आली तेव्हा गावात पिठाची गिरणी आली होती. जातं थांबलं आणि सासूचं गाणंही थांबलं.

मैत्रिणींनो, आपल्या किती घरांत जातं आज न्हाणीपाशी पायरीला लावलंय, किती घरांनी ते विकून टाकलंय, ते तुम्हीच मोजा. जातं गेलं तर गेलं. दळणाचे कष्ट गेले हे चांगलंच झालं, ते परत कोणाला नकोत. पण त्यासोबत ओव्या का जाव्यात? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी सहकाऱ्यांसोबत गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या झाल्या. आता ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बायकांच्या नावागावासकट ऐकायला मिळतात. एक लाख! म्हणजे गावागावात बहिणाबाई होत्या. प्रत्येकीचा लेक कवी नव्हता, एवढंच.

म्हणून आमच्या गटांनी एक वही सुरू केलीय. तुम्हीही करा. दोनशे पानी वही, खर्च शंभराच्या आत. गटातली जी पोरगी दहावी-बारावी शिकली तिच्याकडे द्या. ओवीच्या वर सांगणारीचं नाव, सासरचं गाव, माहेरचं गाव, ही ओवी कोणाकडून शिकली, कोणत्या कामात म्हणायची आणि लिहिलं ती तारीख एवढं टाका. शब्द जसा तोंडातून आला तसा लिहा. शाळेतल्या भाषेत सुधारू नका. ‘तठी’ म्हटलं तर ‘तिथे’ लिहू नका. आधी परवानगी घ्या, कारण घरच्या दुःखाच्या ओव्या चारचौघांत वाचायच्या की नाही हे तिनं ठरवायचं. मोबाइलवर आवाज घेतला तर तो आणखी दोन ठिकाणी ठेवा, मोबाइल पडतो, फुटतो. आणि वहीची एक प्रत ग्रामसंघाच्या दप्तरात ठेवा, म्हणजे एका घरातून गेली तरी दुसरीकडे राहील.

महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, सह्या झाल्या, की पंधरा मिनिटं या वहीला द्या. आमच्या काही गटांत सुरुवातीला बायका लाजल्या. आता बैठकीला दांडी मारणाऱ्याही त्यासाठी येतात, असं लेखापाल ताई सांगतात. ज्या ताईच्या नवऱ्यानं फायदा काय म्हणून विचारलं होतं, त्याच्या आईच्याही ओव्या या वहीत आहेत. परवा तो स्वतःच म्हणाला, आमच्या मायच्या एकवीस नाही, बावीस होतात, एक राहिली लिहायची.

तर पुढच्या बैठकीत दोन ठराव घ्या. पहिला, यंदाच्या सहलीच्या वाटेवर एका कवीचं किंवा लेखिकेचं घर ठेवायचं, आणि घरी निघताना तेच कारण सांगायचं. दुसरा, सहलीला निघण्याआधी गटातल्या सगळ्यांत वयस्कर बाईच्या घरी जायचं, तिच्यासमोर बसायचं आणि वही उघडायची. हे घर सगळ्यांत जवळ आहे, तिकीट लागत नाही, आणि ती अजून सांगायला आहे.

तुमच्या वहीतल्या ओव्या या कार्यक्रमाकडे पाठवा. पुढच्या भागात त्या गाणाऱ्या बायकांच्याच आवाजात ऐकवू.